लाकूडच हाय, जरा टनक

उभ्यानं जेवणारी माणसं हल्ली पुष्कळ झाली. लग्नात तर सगळेच उभे, एका हातात ताट, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि जिलेबी कोणत्या हातानं खायची याचा विचार करत. पण ‘पण’ करून, सात महिने उभ्यानं जेवलेला बेलापुरात एकच. आमचा गोरख सुतार. कागदावर गोरक्षनाथ, पण कागद कोण बघतो?

मी एसटीत कंडक्टर होतो. कोण कुठं चढतं, कुठं उतरतं आणि कुणाशेजारी जागा धरतं, हे बघायची सवय नोकरी सुटली तरी सुटली नाही. त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. जे बघितलं नाही ते त्याची सून धनश्री हिनं माझ्या बायकोला सांगितलं, आणि माझी बायको माझ्यापासून काही लपवत नाही, विशेषतः दुसऱ्याचं.

गोरख जुना, नामी कारागीर. अर्ध्या बेलापूरच्या चौकटी त्याच्या हातच्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा चाकणला कंपनीत, धनश्री इथल्या पतसंस्थेत. सासरा-सून दोघंच घरात. काम मात्र राहिलं नव्हतं. दारं रेडीमेड, कपाटं रेडीमेड. भुशाची फळी दाबायची आणि वरून सनमायका चिकटवायचा. गोरख सनमायकाला ‘लाकडाचा हार घातलेला फोटो’ म्हणायचा. लाकूड गेलं, फोटो राहिला.

एक मात्र गर्व होता. कुठलंही लाकूड लांबून बघून झाड सांगायचा. हात न लावता. त्या गर्वानंच त्याला उभं केलं.

श्रीरामपूरच्या रस्त्याला हर्षलची ग्रॅनाइटची वखार आहे. ओटे, पायऱ्या, देवघरं असली कामं. दोन वर्षांपूर्वी त्यानं परदेशातून ओंडके मागवले. दिसायला लाकूड, साल लाकडाची, आतल्या कड्या लाकडाच्या, पण सगळा दगड. फार फार जुनी झाडं जमिनीत गाडली गेली आणि मातीतल्या पाण्यानं त्यांचा कण न् कण दगड होऊन गेला, असं हर्षल सांगतो. त्या ओंडक्यांचे तो स्टूल करतो, टीपॉय करतो, पुस्तकं पडू नयेत म्हणून दोन बाजूंना लावायचे ठोकळे करतो, हात धुवायची बेसिनं करतो. सगळा माल पुण्याच्या बंगल्यांत जातो. त्या लोकांना लाकूड हवं पण वाळवी नको, आणि दगड हवा पण तो दगडासारखा दिसायला नको. हर्षलचं त्यात भलं झालं.

हे ओंडके कापायला आणि घासायला त्याच्याकडं छबूबाई. पाथरवटाची लेक, पाथरवटाची सून. तरुणपणी ‘जात्याला टाकी, पाट्याला टाकी’ अशी हाळी देत, झिजलेल्या दगडांना खाचा पाडून देत गावोगाव हिंडायची. पुढं घरोघर मिक्सर आले, पाटे परसात पालथे पडले. नवराही गेला. मूलबाळ नाही. मग ती हर्षलच्या कटरवर आली आणि महिनाभरात कटर तिचं ऐकायला लागला. तसं तिचं न ऐकणारं काही टिकतही नाही. जीभच तशी आहे.

वखारीतला एक शब्द इथंच सांगून ठेवतो. ओंडका मशीनवर चढवून पातं फिरवण्याला तिथं ‘लावणं’ म्हणतात. ‘छबूबाई, आज मोठा लावा’, ‘छबूबाई, तो लावला का?’ शब्द लक्षात असू द्या. पुढं त्यानंच घात केला.

तर वैशाखातली सकाळ. वखारीसमोर चहाची टपरी, तिथं आम्ही पाच-सहा जण. गोरख दोन्ही हात पाठीमागं बांधून आला. हर्षलला चेष्टा सुचली. बाहेर पडलेल्या एका ओंडक्याकडं बोट करून तो म्हणाला, “तात्या, ओळखा बरं झाड कोणतं?”

गोरखनं मान तिरकी केली. “चिंच.”

“नक्की?”

“जुनी चिंच. गाभ्यातली. ऊनपाऊस खाऊन टनक झाली.”

घासायच्या चाकामागून छबूबाई म्हणाली, “ओ सुतार, हात लावून तरी बगा.”

“हात डाक्टर लावतो. सुताराला डोळे बास.”

“दगड हाय त्यो.”

“तुला समदं दगडच दिसतंय. मागल्या साली तुज्या भाकरीलाबी लोक तेच म्हनत हुते.”

हे त्यानं बोलायला नको होतं. छबूबाई चाक बंद करून उठली. “कापून दावा मग. चिंच हाय ना? करवत घिऊन या अन् दावा कापून.”

गोरख घरी गेला आणि बापाची करवत घेऊन आला. त्या करवतीला दसऱ्याला तो देवाआधी हळदकुंकू वाहतो. ओंडक्यावर गुडघा रोवला, रेघ ओढली, थुंकी लावली आणि करवत ओढली. पहिल्या ओढीला ठिणगी निघाली. तेवढ्यावर शहाण्या माणसानं थांबावं. गोरखनं दुसरी ओढ सगळ्या अंगानं दिली. करवतीचे दात ताडताड उडाले. एक हर्षलच्या चहात पडला, एक माझ्या टोपीवरनं गेला आणि एक ओंडक्याच्याच चिरेत घट्ट रुतून बसला.

आम्ही हसलो ते हसलोच. पण छबूबाई हसली ती वेगळी. बायका पदर तोंडाला लावून हसतात, ही पदर सोडून हसली. रस्त्यावरनं उसाची बैलगाडी चालली होती, तीसुद्धा थांबली.

गोरखचं तोंड उतरलं. बापाची करवत हातात बोळक्या म्हातारीसारखी. मला वाटलं आता तो गुपचूप घरी जाईल. पण त्यानं करवत खांद्यावर टाकली आणि सगळ्यांकडं बघून सावकाश म्हणाला, “लाकूडच हाय, जरा टनक हाय. ह्याच ओंडक्याचा पाट करीन अन् त्याच्यावर बसून जेवीन. तवर बसून जेवनार न्हाई.”

हर्षलनं हसत हसत ओंडका टेम्पोत घालून त्याच्या अंगणात टाकून दिला. म्हणाला, “न्या तात्या. तसाही त्याला आता सुताराचा दात आलाय.”

त्या दुपारपासून गोरख उभा.

धनश्री बिचारी रोज भाकरी ओट्यावर वाढायची आणि हा ओट्याशी उभा राहून खायचा. “मामंजी, निदान भिंतीला टेका तरी,” ती म्हणायची. हा म्हणायचा, “टेकलं की बसल्यातच जमा.” टपरीवर मोठा वाद झाला, चहा हे जेवण धरायचं की नाही. शेवटी असं ठरलं की नुसता चहा बसून चालेल, पण त्यात खारी बुडवली की जेवण. म्हणून गोरख बसून चहा प्यायचा, आणि खारी बुडवायची वेळ आली की उठून उभा राहायचा. बुडवून, खाऊन, पुन्हा बसायचा. व्यायाम चांगला झाला.

खरी पंचाईत वेगळीच होती. एवढा मोठा पण, पण कुणाच्या लक्षातच येईना. लग्नसराईचे दिवस, जिथं जावं तिथं बुफे, सगळं गाव उभं. गोरखचा त्याग गर्दीत हरवून गेला. मग तो मुद्दाम म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या असतात तिथं जाऊन उभा राहायचा आणि कुणी बोलावलं नाही तरी मोठ्यानं म्हणायचा, “न्हाई, न्हाई, मी बसनार न्हाई.” एका लग्नात तर एका पाहुण्यानं त्याच्या हातात उष्टं ताट दिलं आणि सांगितलं, “जरा पाणी पाठवा इकडं.”

श्रावणात एका घरी तेरावं होतं. तिथं पंगत. ओळीनं माणसं बसलेली, मध्ये गोरख तेवढा मैलाच्या दगडासारखा उभा. दगड म्हणालो, ते त्याला सांगू नका. वाढप्याला आमटी वाढायला हात खांद्यापर्यंत वर न्यावा लागला. गोरखनं लापशीचा पहिला घास तोंडात टाकला आणि तेवढ्यात घरच्या कुणीतरी त्याच्यापुढं माईक धरला. त्यांना वाटलं, हा माणूस चार शब्द बोलायला उभा राहिलाय. गोरख तोंड भरलेलं असताना जे काही बोलला ते कुणाला कळलं नाही, पण दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

ओंडका आपला अंगणात तसाच. गोरखनं त्याच्यावर पटाशी मोडली, वाकस बोथट केला, कानस गुळगुळीत केली. ओंडक्याला साधं खरचटलं असं म्हणायला जागा नाही. गणपती झाले, दसरा झाला. त्याचे गुडघे सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. गोरख म्हणाला, “मग जेवन कमी करतो.” आणि खरोखर केलं. एका वेळी अर्ध्या भाकरीवर आला. चेष्टा चेष्टेच्या जागी, पण त्याचा सदरा खांद्यावर लोंबायला लागला तेव्हा मलाही बरं वाटेना.

धनश्री एका संध्याकाळी वखारीत गेली. छबूबाईला म्हणाली, “मावशी, तुमच्या मशीनवर घंटाभराचं काम. द्या ना कापून.”

“देते की. सुताराला म्हनावं, चार मानसांत येऊन एकदा म्हन, दगड हाय. लगी कापते.”

निरोप घरी आला. गोरख म्हणाला, “मरीन उभ्या उभ्या.”

“मामंजी, दोन शब्द तर आहेत.”

“त्यातला एकच वाईट हाय.”

दिवाळी उभ्यानंच गेली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गोरख काठी टेकत टपरीवर आला. रात्रभर विचार करून त्यानं तोडगा काढला होता. दगड म्हणायचं नाही, लाकूडही म्हणायचं नाही. नुसती विनंती करायची. छबूबाई चहाला आली होती. टपरी भरलेली. गोरख तिच्यासमोर उभा राहिला, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “छबूबाई, लई झालं. आता ताणू नको. माझा पाट लाव.”

टपरीवाल्याच्या हातातली चहाची धार थांबली.

आता तरुण मंडळींसाठी सांगायला हवं. आमच्याकडं पाट म्हणजे बसायचा, पाट म्हणजे शेताला पाणी देणारा, आणि ‘पाट लावणं’ म्हणजे विधवेचं, विधुराचं दुसरं लग्न. बेलापुरातला कुणीही माणूस भर टपरीवर एका विधवेला ‘पाट लाव’ म्हणाला, तर त्याचा अर्थ सांगायला मास्तर लागत नाही. पण गोरखच्या डोक्यात सहा महिने दुसरा पाटच नव्हता.

छबूबाईनं बशी खाली ठेवली. चेहऱ्यावर काही नाही. “कुनाबरुबर?”

“कुनाबरुबर म्हंजी? माझा म्हनतोय ना. अन् लावनार तूच.”

“घरच्यांना इचारलं?”

“घरच्यांना काय इचारायचं? सून तर कवाची मागं लागली हाय.”

“बरं,” छबूबाई म्हणाली. “सांगते उंद्या.”

मी सायकल काढली. कुणीतरी गावाला सांगायलाच हवं होतं. दुपारच्या आत बातमी वेशीपर्यंत गेली, आणि पुणतांब्याच्या एसटीत एक ओळखीचा कंडक्टर होता, म्हणून पुणतांब्यालाही गेली.

धनश्रीला ती गिरणीत कळली. तिथं पाच बायकांनी तिचं अभिनंदन केलं. ती पीठ तिथंच टाकून घरी आली. पुढचं संभाषण माझ्या बायकोकडून आलेलं आहे, पण त्यात मीठमसाला नाही. गरजच नव्हती.

“मामंजी, पाट लावायचं ठरलं म्हणे?”

“ठरल्यातच जमा. उंद्या सांगते म्हनली.”

“मला आधी सांगायचं ना. साडी-बिडी घ्यायला हवी.”

“पाटाला साडी कशापायी?”

“असं कसं? आणि पाहुणे किती बोलवायचे?”

“पाव्हने? एक गडी बास की, पानी मारायला.”

“पाणी?”

“सारखं पानी मारावं लागतं. न्हाईतर लई तापती ती.”

धनश्री मटकन खाली बसली. “कोण तापतं, मामंजी?”

“मशीन,” गोरख म्हणाला. आणि मग त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. सकाळची टपरी, थांबलेली चहाची धार, ‘कुनाबरुबर’, सगळं एकेक करून त्याच्या डोक्यात उतरलं असावं. त्यानं काठी घेतली आणि सुजल्या गुडघ्यांनी वखारीकडं निघाला. मीही निघालो. थोडं अंतर ठेवून.

छबूबाई चाकावर एक स्टूल घासत होती. गोरखला बघून तिनं चाक थांबवलं नाही.

“छबूबाई, माझा तसला पाट न्हवता.”

“म्हाईत हाय.”

“कवापासनं?”

“सकाळपासनं. म्या काय येडी हाय? तुमी ओंडक्याचं बोलत हुता.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी भाकरीचं बोलला हुता तवा म्या काय बोलले?” आता तिनं चाक थांबवलं. “ह्ये बगा सुतार. मी उंद्या चार मानसांत सांगते, ह्ये बसायच्या पाटाचं हुतं, लोकास्नी उगा वाटलं. तुमची अब्रू ऱ्हाईल. पन तुमीबी चार मानसांत सांगायचं, दगड हाय.”

“अन् न्हाई सांगितलं तर?”

“तर मग तुमी मला इचारलंय, अन् मी हा म्हनते.”

गोरख उभा राहिला. तसा तो सहा महिने उभाच होता, पण हे उभं राहणं निराळं. मी ग्रॅनाइटच्या लादीमागून बघत होतो. त्यानं एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडं, आणि बराच वेळ छबूबाईकडं. मग म्हणाला, “पाट लाव म्हनलो ते म्हनलो. मी शब्द मागं घेनार न्हाई.”

आता सांगा. एक शब्द तोंडातून काढायला नको म्हणून लग्न करणारा माणूस तुम्ही कुठं बघितलाय? छबूबाईच्या हातातला पाण्याचा पाइप सुटला आणि पाणी तिच्याच पायावर पडत राहिलं.  तिनं नाक पुसलं, पाइप उचलला आणि म्हणाली, “मग ओंडका घिऊन या. दोन्हीबी पाट लावून टाकू.”

गावात थोडी कुजबूज झाली. सुताराचं आणि पाथरवटाचं कसं जमायचं, असं दोघा-तिघांनी हळूच काढलं. धनश्रीनं त्यांना पतसंस्थेच्या काउंटरवरच उत्तर दिलं, “आमच्या अंगणात लाकडाचा दगड झालेला एक ओंडका आहे, त्यालाही आधी तेच विचारून या.” मुलाचा चाकणहून फोन आला. तो एवढंच म्हणाला, “आता बाबा बसून जेवतील ना?”

ओंडका छबूबाईनं अगदी मधोमध कापला. मी तिथंच होतो. पातं पार झालं आणि दोन्ही अर्धुकं वही उघडावी तशी बाजूला झाली. आत मधाच्या रंगाच्या कड्या, मध्ये राखाडी, कडेला तांबूस, या बाजूला जे ते त्या बाजूला. काठाला चिरेत करवतीचा दात तसाच. छबूबाई तो काढायला निघाली. गोरख म्हणाला, “ऱ्हाऊ दे. बापाचा हाय.” मग ती त्याच्या भोवतीनं घासत गेली, आणि दात पाटात चांदीच्या कणासारखा बसला. घासायला तिनं गोरखलाच लावलं, त्याच्या हातावर पाणी ती मारत होती. खाली बाभळीचे चार-चार बुटके पाय तेवढे त्यानं केले. पण ‘माझ्या हातचा’ म्हणायला तेवढं पुरेसं होतं.

मार्गशीर्षात देवळात लग्न. गार सकाळ, श्वासाची वाफ दिसत होती. पाट आदल्या रात्रीच देवळापुढच्या उघड्या मंडपात मांडून ठेवलेले, रात्रभर दव खाल्लेले. छबूबाई नऊवारीत, लुगडं चांगलं जाड. गोरखला धनश्रीनं नवं धोतर आणलं होतं, तलम, मलमली. सगळं गाव त्याच्या गुडघ्यांकडं बघत होतं. गोरखनं पाटाला हात लावून नमस्कार केला, दोन्ही बाजूंना एकदा रुबाबात बघितलं आणि सावकाश बसला.

बसला तसाच वीतभर वर आला.

“आगं आयाई,” तो म्हणाला, “दगड हाय की गं.”

भटजी थांबले. मंडप थांबला. छबूबाईनं मान वर केली नाही. मुंडावळ्या सारख्या करत तिनं विचारलं, “ऐकलं का समद्यांनी?”

ऐकलं होतं. मी तर दोनदा ऐकलं. पण विधी सुरू झाले होते आणि आता कुणालाच काही मागं घेता येत नव्हतं. त्यानंतर पंगत बसली, आणि गोरख सात महिन्यांनी खाली बसून जेवला. अडीच भाकरी आणि लापशी तीनदा. वाढप्याला वाकावं लागलं, तर त्याचं त्यालाच हसू आलं.

हर्षलनं त्या दोन पाटांचे फोटो मोबाईलवर टाकले. पुण्याहून मागण्या आल्या, नवरा-नवरीच्या जोडीच्या. आता वखारीत छबूबाई ओंडका लावते आणि गोरख पाय करतो. दोघांचं भांडण टपरीपर्यंत ऐकू येतं. आम्ही चहा तिकडंच तोंड करून पितो.

परवा मी मुद्दाम जेवायच्या वेळेला त्यांच्याकडं गेलो. दोघं समोरासमोर, आपापल्या पाटावर. छबूबाईचा पाट उघडा. गोरखच्या पाटावर गोधडीचा चौकोनी तुकडा, हातानं शिवलेला, कडेनं लाल टाके. टाके कुणाचे ते उघड होतं.

मी विचारलं, “गोरख, ही गोधडी कशाला रे? दगड गार लागतो का?”

त्यानं आमटीत भाकरी कुस्करली. छबूबाई त्याच्याकडं बघत होती. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, “न्हाई, न्हाई. लाकडाला ओरखडे पडत्यात.”